शिवणीत गेलेली वाट

बाइंडरच्या तोंडी एके काळी दोन शब्द ठरलेले असायचे, ‘झालं समजा.’ कुणी पाठ मोडलेला शब्दकोश घेऊन येवो, कुणी कचेरीतली पानं सुटलेली वही, वस्तू टेबलावर टेकायच्या आत हा म्हणणार, झालं समजा. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. मोठी बहीण चिडवायची, “चिकट्या, यमदूत न्यायला आले तरी त्यांनाही सांगशील, झालं समजा, निघालोच.” चिकट्या हे नाव तिनेच ठेवलेलं. लहानपणापासून त्याची बोटं खळीने बरबटलेली असायची आणि तीच बोटं तो तिच्या वेण्यांना पुसायचा.

नऊ वर्षांपूर्वी ते दोन शब्द त्याच्या तोंडून गेले. का गेले, हे कुणी विचारलं नाही. वय झालं की माणूस कमी बोलतो, एवढंच लोकांनी धरून घेतलं.

आणखीही एक गोष्ट गेली होती, पण ती कानांना ऐकू येण्यासारखी नव्हती. टाका घालताना देवाचं नाव घ्यायचं, ही त्याच्या वडिलांची शिकवण. एक टाका, एक नाम. ग्रंथ कुणाचाही असो, आत शिवलेलं नाव त्याचंच, असं वडील म्हणायचे. सुई कागदातून आरपार गेली की ओठ हलायचे. तसे ते अजूनही हलायचे; पण गेली नऊ वर्षं तो नुसते टाके मोजत होता. एक, दोन, तीन. नाम घ्यायला तोंड उघडावं आणि आकडाच बाहेर यावा, असं त्याचं झालं होतं. देव काही लांब गेला नव्हता. यालाच त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी सुट्टी होती. बाइंडर दुकानात एकटाच बसून पुठ्ठे कापत होता. एकटाच असायचा तो. लग्न केलं नव्हतं. दुकान म्हणजे लांबट खोली, एका भिंतीला कागदांची चळत, दुसऱ्या भिंतीशी पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि खिडकीखाली काम करायचं टेबल, चाळीस वर्षांच्या सुरीच्या रेघांनी भरलेलं. दुपारी बहीण आणि भाची न सांगता आल्या. ताईने दारातूनच नाक मुरडलं.

“काय रे ही खळ! आंबली की. तुझ्याकडे बायको टिकली नसतीच; पळाली असती वासाने.”

“म्हणून तर आणली नाही.”

“मामा, ते राहू दे,” भाची स्टूल ओढत म्हणाली. भाची तिशीची, दवाखान्यात नर्स, बोलणं इंजेक्शनसारखं, झटकन आणि सरळ. “आम्ही उद्यानात जायचं ठरवलंय.”

“कोणत्या उद्यानात?”

उत्तर त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

“राष्ट्रीय उद्यानात,” ताई म्हणाली. “उद्यान म्हणे! नाव कुणी ठेवलं कोण जाणे. जसं काही आत बाकडी असतील आणि घसरगुंडी. या टोकापासून त्या टोकाला चालत जायला चार दिवस लागतात, आणि म्हणे उद्यान.” ती हसली, पण हसणं ओठांच्या पुढे गेलं नाही. “जायचंच आहे मला. हे गेले तिथे.”

बाइंडरने हातातली सुरी खाली ठेवली.

दाजी घड्याळजी होते. दिवसभर सत्तर घड्याळांच्या टिकटिकीत बसायचे आणि वर्षातून एकदा म्हणायचे, मला अशा जागी जायचंय जिथे काहीच टिकटिकत नाही. म्हणून ते दर थंडीत त्या उद्यानात जायचे, एकटेच, दर वेळी नवी वाट धरून. दिवसभर चालायचे, जुन्या झाडांखाली बसायचे आणि नव्या स्प्रिंगसारखे होऊन परत यायचे. नऊ वर्षांपूर्वी परत आले नाहीत. वाटेतच अंधार पडला, थंडी वाढली, आणि सकाळी वनरक्षकाला ते एका बुंध्याला टेकून बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. लोक म्हणाले, दुसऱ्यांची घड्याळं लावण्यात जन्म गेला आणि स्वतःची वेळ नेमकी चुकली. हे बोलणं ताईच्या कानावर नको तितक्या वेळा आलं होतं.

“आताच का?” बाइंडरने विचारलं.

“या हंगामानंतर जुन्या पायवाटा बंद होणार आहेत,” भाची म्हणाली. “कायमच्या. जनावरांना त्रास होतो म्हणून. पुढच्या वर्षीपासून नुसती गाडी, तीही बाहेरच्या रस्त्याने. बाबा गेले त्या वाटेवर पाऊल ठेवायचं तर आत्ताच. परवापर्यंत अर्ज भरायचाय. कोणत्या फाटकातून जाणार, कोणत्या फाटकातून निघणार, किती अंतर, किती तास, कोण कोण. आईचे गुडघे तू जाणतोसच, म्हणून एकेक किलोमीटर बघून ठरवायचंय.”

“माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही.”

“काल जिना चढताना गुडघे बोलत होते, मी ऐकलं.”

“बोलू देत. मी तरी कुणाशी बोलणार? तू दिवसभर दवाखान्यात.”

असं बोलत बोलत ताईने कापडी पिशवीत हात घातला आणि पिवळं मऊ फडकं बाहेर काढलं. घड्याळाच्या काचा पुसायचं, दाजींच्या दुकानातलं. फडक्याची घडी उलगडली. आत खिशात मावेल एवढं जाडसर पुस्तक होतं, हिरव्या कापडाचा पुठ्ठा, कोपऱ्यांना चामडं.

बाइंडरला ते उघडायची गरज नव्हती. त्याचंच काम होतं ते.

उद्यानाचे मोठे नकाशे सुट्या कागदांवर मिळायचे. वाऱ्यात उडायचे, घडीवर फाटायचे. दाजी त्या साली सगळे नकाशे घेऊन आले आणि म्हणाले, बुकबाइंडरसाहेब, यांचं एक पुस्तक करून द्या, परवा निघायचंय. आता नकाशांचं पुस्तक करायची एक रीत असते. नकाशाच्या कडेला आधी कापडाची पट्टी चिकटवायची, ती वाळू द्यायची आणि टाके त्या पट्टीवर घालायचे. मग पान कडेपर्यंत उघडतं. शेजारच्या दोन पानांवरचा नकाशा सलग दिसतो. पण पट्टीला दोन दिवस लागतात. बाइंडरकडे त्या आठवड्यात कचेरीच्या वह्यांचा ढीग होता. तो म्हणाला, झालं समजा. पट्टी लावलीच नाही. नकाशांच्या पांढऱ्या कडा कापल्या, गठ्ठा जुळवला, दाभणाने भोकं पाडली आणि सरळ कागदातून टाके घातले. तासाभरात पुस्तक तयार. घाई इतकी की एकाही टाक्याला नाम घेतलं नाही. दाजींनी पुस्तक हातात घेऊन वास घेतला होता आणि म्हणाले होते, “वा! घड्याळासारखं झालंय.”

दाजी गेल्यावर त्यांची पाठपिशवी परत आली. सगळे रडत होते तेव्हा बाइंडरने सवयीने ते पुस्तक उघडलं, आणि शेवटच्या वाटेच्या पानावर त्याचा अंगठा शिवणीत गेला. तिथे त्याला कळलं. दोन्ही पानांच्या कडा दीड-दीड सेंटिमीटर टाक्यांच्या आत गेल्या होत्या. एका सेंटिमीटरला एक किलोमीटर असं त्या नकाशाचं माप. वाट त्या जागी आडवी, सरळ जाणारी. डावीकडची रेघ उजवीकडच्या रेघेला अशी बेमालूम भिडली होती की मध्ये काही असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. तीन किलोमीटर जंगल शिवणीने गिळलं होतं.

त्याने पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि तोंडाला टाके घातले. ते नऊ वर्षं टिकले. त्याचं काम टिकाऊ असायचं.

“दोरा दे रे जरा,” ताई म्हणाली.

त्याने रिळाचा दोरा तोडून दिला. ताईने चष्मा लावला आणि पुस्तकाचं ते पान उघडलं. दाजी मोजायचे तसा, वाटेच्या वळणावळणाने दोरा ठेवत ती पश्चिमेच्या फाटकापासून तळ्याकाठच्या फाटकापर्यंत आली. मधल्या शिवणीवरून दोरा अलगद गेला. मग तो सरळ करून तिने पट्टीवर धरला.

“आठ. लिही, आठ किलोमीटर. हेसुद्धा आठच म्हणाले होते. तासाला तीन धरले तर पावणेतीन तास. तीन वाजता निघून सहाच्या आत बाहेर, उजेड असताना. जाताना मला हिशोब सांगून गेले होते.”

“आई, इथे अकरा येतंय.” भाची फोनवर अर्ज उघडून बसली होती. “दोन्ही फाटकं निवडली की अंतर आपोआप येतं. अकरा किलोमीटर.”

“फोनला काय कळतंय! नीट बघ.”

“बघितलं. तीनदा बघितलं.”

“मग दुसरी वाट धरली असेल त्याने.”

“आई, तिथे एकच वाट आहे.”

ताईने पुन्हा दोरा ठेवला. या वेळी हळू, बोटाने दाबत दाबत. पुन्हा आठ. तिने दोरा टेबलावर सोडला.

“म्हणजे,” भाची सावकाश म्हणाली, “बाबांचंच मोजायला चुकलं.”

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ताईने चष्मा काढला आणि पिवळ्या फडक्याने उगीचच पुसला.

“लोक म्हणत होते ते खरंच होतं तर,” ती म्हणाली. “मी नऊ वर्षं भांडले त्यांच्याशी. यांचं माप चुकायचं नाही म्हणून. सेकंदाचा फरक चालायचा नाही या माणसाला. असू दे. लिही अकरा.”

मित्रहो, माणसाच्या आयुष्यात अशी एक घडी येते की नुसतं गप्प बसलं तरी सुटका होते. बोलायचंही नाही, खोटंही सांगायचं नाही. जागचं हलायचं नाही, की सगळं आपोआप दुसऱ्याच्या नावावर जातं. आणि तो दुसरा तर नऊ वर्षांपूर्वीच गेलेला. तो काही उलटून बोलणार नाही. बाइंडरसमोर ती घडी टेबलावर उघडी पडली होती. भाचीचं बोट फोनवर होतं. एक, अजून एक, अकरा.

“दाजींचं चुकलं नाही,” तो म्हणाला.

दोघींनी वर पाहिलं.

“त्यांनी बरोबर मोजलं. त्यांच्या हातात दिलेलं पुस्तक चुकीचं होतं. ते मी दिलं होतं.”

“काय बोलतोयस?”

सांगून तिला कळलं नसतं. त्याने सुरी उचलली, पुस्तक जवळ ओढलं आणि हिरवं कापड पाठीपासून सोडवलं. मग आतले टाके, एकेक करून, कापले. ताईचा हात पुढे आला, थांबवायला. नवऱ्याची वस्तू होती ती. पण भावाचं तोंड बघून हात तसाच राहिला. शेवटचा टाका तुटला आणि पानं सुटी झाली. त्याने ती दोन पानं उचलून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, कडेला कड लावून.

मधोमध एक पांढरा शुभ्र पट्टा उमटला. बाकीचा नकाशा हाताळून पिवळा पडलेला, आणि ही दोन बोटांची जागा मात्र काल छापल्यासारखी कोरी करकरीत. नऊ वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं. त्या पट्ट्यातून वाट जात होती.

“हे तीन किलोमीटर,” बाइंडर म्हणाला. “मी शिवून टाकले. पट्टी लावायला हवी होती. दोन दिवस लागले असते. मी लावली नाही.”

भाचीने फोन खाली ठेवला. ताई नकाशावर वाकली. तिला अंतर दिसत नव्हतं. ती वेगळंच काहीतरी बघत होती. त्या पांढऱ्या पट्ट्यात, वाटेला लागून, एक छोटं घर काढलेलं होतं, त्रिकोणी छप्पर, खाली चौकोन.

“हे काय आहे?”

बाइंडरनेही आत्ताच पाहिलं ते. त्या दिवशी अंगठ्याला अंतर कळलं होतं, पण शिवणीच्या आत काय छापलंय हे दिसलं नव्हतं. भाचीने पहिल्या पानावरची खुणांची यादी बघितली.

“निवाऱ्याची झोपडी. आत शेकोटीची सोय.”

ताई स्टुलावर बसली. मग जे बोलली ते त्या दोघांनी कधीच ऐकलेलं नव्हतं.

“वनरक्षकाने मला सांगितलं होतं. म्हणाला, बाई, झोपडी चारशे पावलांवर होती हो, झाडीपलीकडेच. वाटेवरच्या प्रत्येकाला माहीत असते. हे बसून का राहिले, कळत नाही.” तिने पदराचं टोक मुठीत धरलं. “मला कळत होतं. मला वाटायचं, मला कळतंय. निघताना आमचं भांडण झालं होतं. नेहमीचंच, कशावरून ते आठवतही नाही आता. मी म्हणाले, जा, तिथेच राहा. तेच शब्द. जा, तिथेच राहा. आणि हा माणूस चारशे पावलांवर छप्पर असून उठला नाही. नऊ वर्षं मी रोज तेच धरून बसलेय, की हे माझं ऐकून राहिले.”

“आई!”

“थांब. बोलू दे.” तिने त्या छोट्या घरावर बोट ठेवलं. “यांना माहीतच नव्हतं. यांच्या पुस्तकात झोपडी नव्हतीच. यांना वाटलं, फाटक आलंच आता. जरा दम खावा आणि उठावं. म्हणून बसले.” तिने बोट वाटेवरून फाटकापर्यंत नेलं. “घरी यायलाच बसले होते.”

मग ती रडली. मोठ्याने नाही, एखादी ओली वस्तू पिळावी तशी, आतून. भाची तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाइंडर टेबलाच्या या बाजूला उभा होता आणि त्याला त्या बाजूला जायचा अधिकार वाटत नव्हता.

रडणं ओसरल्यावर ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय नव्हतं!

“नऊ वर्षं, चिकट्या.”

“हो.”

“मी तुझ्या इथे येऊन, या स्टुलावर बसून विचारायचे, यांनी असं का केलं असेल रे? आणि तू पुठ्ठे कापायचास.”

“हो, ताई.”

“घाईत चूक झाली ती एक वेळ मी गिळेन. हातून होते. पण हे गप्प बसणं? हे तू रोज केलंस. रोज सकाळी उठून नव्याने केलंस.”

त्याने मान खाली घातली. ताई उठली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. भाची तिच्यामागे निघाली, पण वळून मामाकडे बघत जागीच थांबली. ती ना इकडची राहिली ना तिकडची. बाहेर ताई पाठमोरी उभी होती. तिच्या खांद्यांवरून काही कळत नव्हतं. बाइंडरला वाटलं, आता ती पायऱ्या उतरून जाईल, आणि पुन्हा येणार नाही. त्याने मनातल्या मनात कबूल केलं, गेली तर ते बरोबरच.

ती आत आली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा, मोठ्या बहिणीचा.

“अर्ज काढ गं.” भाचीने फोन उचलला. “अकरा किलोमीटर लिही. किती तास? मला साडेपाच लागतील, गुडघे बोलणारे आहेत ना माझे. सकाळी फाटक उघडल्या उघडल्या निघायचं. वाटेत मुक्काम विचारलाय का कुठे?”

“विश्रांतीची जागा विचारलीय.”

“झोपडी लिही. तिथे थांबायचंय मला. यांच्या झाडापासून झोपडीपर्यंतची चारशे पावलं मी मोजून चालणार आहे. ती यांची राहिलीत.” ती थांबली. “किती माणसं?”

“दोन,” भाची म्हणाली, आणि तिने हळूच वर पाहिलं.

ताई भावाकडे बघत नव्हती. नकाशाकडे बघत होती.

“तीन लिही. हा येणार आहे. माफ केलं म्हणून नाही, एवढ्यात काही नाव काढू नका. पण ते तीन किलोमीटर याचे आहेत. यानेच चालून दाखवायचे.”

बाइंडरने मान हलवली. भाचीने फोनवर बोट टेकवलं. तीन.

ताईने सुटी पानं गोळा केली, जुळवली, पिवळ्या फडक्यात घातली आणि पुन्हा बाहेर काढली. मग तो गठ्ठा तिने भावासमोर टेबलावर ठेवला, गिऱ्हाईक ठेवतं तसा.

“हे नीट कर. तेव्हा करायला हवं होतंस तसं. कधी देशील?”

तिला उत्तर ठाऊक असल्यासारखी ती वाट बघत राहिली. ते दोन शब्द. त्याच्या जिभेवर ते आलेही असतील.

“दोन दिवस लागतील,” तो म्हणाला. “पट्टी वाळायला हवी.”

“लागू देत,” ताई म्हणाली, आणि पिशवी उचलून भाचीबरोबर पायऱ्या उतरली.

आंबलेली खळ त्याने फेकून दिली आणि नवी शिजवली. जुन्या चादरीच्या चांगल्या कापडाच्या पट्ट्या कापल्या, एका पानाला एक. सगळ्यांत आधी ती दोन पानं घेतली. कडेला खळ लावली, पट्टी बसवली आणि अंगठ्याने वरून खाली सारखी केली. पांढऱ्या पट्ट्यातलं ते छोटं घर आता पुरतं बाहेर होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या लावून झाल्या. त्याने पानं दोरीवर वाळत घातली आणि दुसरं काही न करता त्यांच्याखाली बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या वाळल्या. त्याने सुईत दोरा ओवला. पहिला टाका घालताना ओठ सवयीने हलले, ‘एक’ म्हणायला. सुई पट्टीतून आरपार गेली. तो क्षणभर थांबला, आणि ‘एक’ऐवजी वडिलांनी शिकवलेलं ते नाव घोगऱ्या आवाजात बाहेर आलं. खूप दिवसांनी दार उघडलं की बिजागरी कुरकुरते, तसं.

मग त्याने दुसरा टाका घातला. हळू. काही घाई नव्हती.